एका आडनावाची दोन घराणी

"पेरू पाहुणा!" अर्धा वर्ग ओरडला.

"न्हाई बाई, पेरू भावकीतलाच हाय! पेरल्याबिगर पेरू यील का?" उरलेल्या अर्ध्या वर्गानं त्याहून मोठा आवाज काढला.

मी खडू उगारून फळ्यापाशी उभी. फळ्यावर मधोमध ठसठशीत 'पेर' लिहिलेलं आणि त्याच्या भोवती पेरणे, पेरणी, पेरा, पेरणारा असे त्याचे सगेसोयरे गोल करून बसलेले. पेरू मात्र दाराशी ताटकळत होता आणि त्याच्यापायी चौथीच्या वर्गात दोन तट पडले होते. मारामारीला फार अवकाश नव्हता.

तेवढ्यात तिसऱ्या ओळीतून मालन उठली. अंगानं काटकुळी, केसांना तेल भरपूर, आणि डोळे सतत कशावर तरी रोखलेले.

"पेरून तर जवारी बी येती," ती म्हणाली. "मग जवारीला पेरू म्हनायचं का?"

वर्ग खदखदून हसला. पेरूची रवानगी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात झाली, जिथं आम्ही पाहुणे बसवत असू. हे फळ मुळात समुद्रापलीकडून आलेलं आहे, त्याचा पेरणीशी काही संबंध नाही, हे मी वाचून शिकले होते. मालननं ते नुसतं डोकं चालवून ओळखलं. मला तिचा फार अभिमान वाटला. तो वीस मिनिटांनी कसा गळून पडला, तेच आज सांगायचं आहे.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी बावीस वर्षांची, डी.एड. होऊन माळखडीच्या प्राथमिक शाळेत नुकतीच लागले होते. शाळा दोन खोल्यांची, शिक्षकही दोनच. एक मी आणि दुसरे हेडमास्तर तुपे गुरुजी. दाराशी काळ्या दगडाची एक पायरी होती. शंभर वर्षांच्या पायांनी ती इतकी गुळगुळीत झाली होती की कोरड्या दिवसातसुद्धा माणूस घसरायचा. रुजू व्हायला आले त्या दिवशी मी गुरुजींच्या पायाशी अक्षरशः लोटांगण घातलं. "एवढा नमस्कार नको बाई," ते म्हणाले होते, "ही पायरी सगळ्यांकडून घालून घेते. माझा डावा गुडघा हिनंच खाल्लाय."

मुलांना शब्द येत नव्हते, म्हणजे पुस्तकातले येत नव्हते. एकेक शब्द आणि त्याचा अर्थ पाठ करून घ्यायचा, दुसऱ्या दिवशी तो विसरलेला असायचा. मग माझ्या लक्षात आलं की या पोरांना एक गोष्ट न शिकवता येते. गावात कोण कोणाच्या भावकीतला, कोणाच्या सुतकाला कोण बसतो, कोण नुसता नावाचा नातेवाईक, हे चौथीतलं पोर झोपेतून उठवलं तरी सांगेल. म्हटलं, बरं झालं. मूळ शब्द म्हणजे आडनाव. त्याच्यापासून निघाले ते सगळे शब्द त्याची भावकी. दिसायला सारखा पण नात्यातला नाही, तो पाहुणा. पंधरा दिवसांत पोरं शब्दांच्या मागं शिकारी कुत्र्यासारखी लागली. घरी आजीला, चुलत्याला विचारून शब्द आणू लागली. तुपे गुरुजी मात्र मान हलवत म्हणायचे, "पाठांतर करून घ्या बाई. केंद्र परीक्षेला भावकी विचारत नाहीत." मी ऐकलं नाही. नव्या बाईचा नवा उत्साह, दुसरं काय!

तर त्या दिवशी पेरूचा निकाल लागला तेव्हा घंटा व्हायला वीस मिनिटं होती. तिथंच थांबले असते तर बिघडलं नसतं. पण वर्ग रंगात आला होता. मी फळा पुसला आणि मधोमध लिहिलं, 'टाक'.

"टाकणे!" "टाकाऊ!" "टाकून!" शब्द येत गेले, मी लिहीत गेले.

"टाकून बोलनं," एक पोरगा म्हणाला. "माजी आजी म्हंती, सून मला टाकून बोलती."

"वा! हाही भावकीतला."

मालननं हात वर केला. "बाई, टाकी."

"टाकी पाहुणी," मी म्हटलं. "टाकी पाण्याची असते. तिचा टाकण्याशी काय संबंध?"

"तशी न्हवं बाई. आमच्या घरची—"

"तुमच्या घरची काय आणि गावची काय, टाकी ती टाकीच. बस खाली."

ती बसली. टाकी कोपऱ्यात गेली. मी पुढची तीन रूपं एका खाली एक लिहिली, टाकलेला, टाकलेली, टाकलेलं. आणि न वळताच म्हटलं, "वाक्यात उपयोग करा."

कोणी तरी रस्त्यावर टाकलेला कागद उचलला. कोणी शेतात टाकलेलं खत सांगितलं. मी पाठमोरीच होते, वाक्यं फळ्यावर उतरवत होते. मग शोभा उठली. शोभा पोलीस पाटलांची मुलगी, नेहमी 'हाय' म्हणायची आणि मी नेहमी 'आहे' म्हणायला लावायची. त्या दिवशी तिनं एकेक शब्द स्वच्छ उच्चारला.

"मालनची आई टाकलेली आहे."

"शाब्बास!" मी म्हटलं. "आज 'आहे' म्हणालीस."

माझ्या कानानं तेवढंच ऐकलं होतं. क्रियापद बरोबर, लिंग बरोबर, उच्चार बरोबर. हातातल्या खडूनं 'मालनची' हा शब्द लिहूनसुद्धा झाला होता, तेव्हा मागची शांतता माझ्यापर्यंत पोचली.

मी वळले. शोभाच्या चेहऱ्यावर शाब्बासकीचा आनंद होता, खोडी कुठंच नव्हती. तिनं एक उदाहरण दिलं होतं, बस्स. बाकीची पोरं मालनकडं बघत होती. मालन दप्तर भरत होती. घाई न करता तिनं वही ठेवली, पेन्सिल ठेवली, दप्तर खांद्याला लावलं आणि माझ्या समोरून दाराकडं गेली. पायरीवर तिचा पाय सटकला. तिनं चौकट धरली, सावरली आणि निघून गेली. मी तिला हाक मारली नाही.

शाळा सुटल्यावर तुपे गुरुजींनी सगळं सांगितलं. मालनची आई चांगुणा. नवऱ्यानं सांगलीकडं दुसरं घर केलं आणि हिला पोरीसकट माहेरी आणून सोडलं, त्याला पाच वर्षं झाली होती. तिचा बाप पाथरवट होता, तो वारला. भाऊ सासुरवाडीला राहायला गेला. चांगुणा गावाबाहेर खडकाच्या माळावर झोपडी करून राहते, दगडाची कामं करते.

"मला माहीत नव्हतं, गुरुजी."

"गावाला माहीत आहे. पण गाव तिच्या माघारी बोलतं." त्यांनी फळ्याकडं बघितलं. अजून तिथं माझ्या वळणदार अक्षरात 'मालनची' होतं. त्यांनीच डस्टर घेतलं आणि पुसून टाकलं. ते मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मालन आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मधल्या सुट्टीत शोभा माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. डोळे भरलेले.

"बाई, माजं वाक्य चुकलं का?"

"नाही ग. वाक्य बरोबर होतं. बाई चुकल्या."

हे तिला पटलं नाही. बाई चुकतात हे तिनं याआधी ऐकलंच नव्हतं. मग तिनं हळूच सांगितलं, "मालन आता न्हाई यायची. तिचा मामा बेस्तरवारी बाजाराला येनार हाय, तिला संगं घिऊन जानार. मामाच्या शेरडांमागं."

पोरींच्या शाळेचा दरवाजा एकदा लागला की तो परत उघडत नाही, एवढं मला त्या अडीच महिन्यांत कळून चुकलं होतं. त्या घरातली कोणी मुलगी चौथी पास झाली नव्हती. मालन झाली असती. ती चौथीच काय, पुढं कुठवरही गेली असती, आणि तिला मी थांबवलं होतं, तेही शाब्बासकी देऊन.

बुधवारी शाळा सुटल्याबरोबर मी माळाकडं निघाले. वाटेत मनात माफीची चार वाक्यं जुळवली, प्रत्येक वाक्य मागच्यापेक्षा शुद्ध. झोपडी दिसायच्या आधी आवाज आला, ठक ठक, ठक ठक, एका लयीत. चांगुणाबाई अंगणात एक पाय दुमडून बसली होती. पुढ्यात मसाला वाटायचा पाटा, एका हातात हातोडी, दुसऱ्यात लोखंडी छिन्नी. पाट्यावर बारीक बारीक टोचे पडत होते. माझ्याच वयाची असावी, फार तर चार वर्षांनी मोठी. मला ती कोणी तरी थोराड बाई असेल असं का वाटलं होतं कोण जाणे.

"मालन आहे का?"

"शेरडं घिऊन गेलीया." हात थांबला नाही.

"चांगुणाबाई, मी माफी मागायला आले."

"कशापायी? खोटं का हाय त्ये? नवऱ्यानं टाकली म्हून टाकल्याली. गावाला ठावं हाय, मलाबी ठावं हाय." ठक ठक. "पर आजवर कुनी फळ्यावर लिवलं नव्हतं, बाई."

माझी चारही वाक्यं तिथंच मेली.

"पोरगी घरला आली," ती पाट्याकडं बघतच म्हणाली, "आन् मला म्हंती, आये, तू टाकाऊच्या भावकीतली का ग? सांगा आता. काय सांगायचं म्या तिला? तुमच्या साळंचं तिला लई याड. रोज रातीला माज्याकडनं सबूद मागायची. ह्याला काय म्हंत्यात, त्येला काय म्हंत्यात. आता त्योंड शिवून बसलीया. जाऊ द्या मामाकडं. तितं तिला कुनी शिकवनार न्हाई, आन् कुनी बोलनार बी न्हाई."

मला रडू आलं. ते तिला दिसू नये म्हणून मी उगाच लांबच्या झाडाकडं बघत राहिले. ती हातोडी मारत राहिली.

तेवढ्यात वाटेवरून एक म्हातारी काठी टेकत आली आणि लांबूनच ओरडली, "चांगुणा, टाकलास का ग माजा पाटा?"

"टाकलाय की, मावशी! त्यो काय भितीला. बगा कसा झकास टाकल्याला हाय. आजच मसाला वाटू नगा बरं का. आदी मूठभर तांदूळ वाटून टाकून द्या, म्हंजी कच निगंल."

म्हातारीनं पाट्यावरून हात फिरवला, खूश झाली, नातवाला न्यायला पाठवते म्हणाली आणि गेली. मी मात्र जागच्या जागी खिळले होते. एका दमात चांगुणाबाई दोन अर्थांनी 'टाक' म्हणाली होती. तांदूळ टाकून द्यायचे ते फेकायचे. पण पाटा? पाटा तर टाकून भिंतीशी जपून उभा केला होता.

"चांगुणाबाई, आत्ता काय म्हणालात? पाटा टाकला म्हणजे?"

तिनं पहिल्यांदाच हात थांबवून माझ्याकडं बघितलं. डी.एड. झालेल्या बाईला एवढंही येत नाही, असं तिच्या तोंडावर स्पष्ट होतं.

"टाकला म्हंजी टाकला. पाटा म्हना, जातं म्हना, वापरून वापरून गुळगुळीत हुतं. मसाला नुसता सरकतो, वाटत न्हाई. दाना फिरतो, दळत न्हाई. मग त्येला टाकीनं टोचं मारायचं. टाकल्यालं जातं पुन्यांदा नव्यावानी दळाया लागतं. आमचा बा सांगायचा, दगूड म्हातारा झाला म्हून कुनी फेकत न्हाई, टाकून घेत्यात."

"टाकीनं?"

"मंग! ही टाकी न्हवं तर काय?" आणि तिनं हातातली छिन्नी माझ्यापुढं धरली.

तशी न्हवं बाई, आमच्या घरची. मालनचं ते अर्धं राहिलेलं वाक्य माझ्या कानात आलं. मी तिथं त्या दगडाच्या कपच्यांत बसकण मारली, नव्या साडीची पर्वा न करता. माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी आपल्या आईची टाकी घेऊन दाराशी आली होती, आणि मी तिला पाहुणी म्हणून कोपऱ्यात बसवलं होतं.

"चांगुणाबाई, मला एक सांगा," मी म्हटलं. "गावात माने आडनावाची घरं किती?"

"लई हायती. वरल्या आळीचं मानं येगळं, खालल्या आळीचं येगळं."

"एकमेकांचं सुतक पाळतात?"

"छ्या! नावाला दोगंबी मानंच. भावकी येगळी. वरल्या आळीत मयत झाली तर खालल्या आळीत गोडधोड चालतं."

"तसंच आहे हे. 'टाक' हे दोन घराण्यांचं एकच आडनाव आहे. टाकाऊ, टाकून बोलणं, ती खालच्या आळीची. तुमची टाकी, टाकलेला पाटा, टाकलेलं जातं, ही वरच्या आळीची. मी अडाण्यासारखी दोघांना एका पंगतीला बसवलं. मालनला सांगा, टाकाऊचं सुतक तुमच्या घराला लागत नाही."

तिनं टाकी फिरवून तिचं टोक बोटानं चाचपलं.

"बोलाया बरं जमतं तुमास्नी," ती म्हणाली. "पर नवऱ्यानं टाकलं त्ये काय ह्यानं बदलनार न्हाई, बाई."

"नाही बदलणार," मी कबूल केलं.

"आन् पोरास्नी ह्ये कोन सांगनार?"

"तुम्ही."

"म्या? साळंत?"

"उद्या टाकी घेऊन या. दहा मिनिटं. मालनला घेऊन या."

"उद्या बेस्तरवार. तिचा मामा यायचा हाय."

"शाळा अकराला भरते. बाजार तर दिवसभर असतो."

तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "बगू," म्हणाली आणि हातोडी उचलली. आमच्याकडं 'बगू'चा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच असतो. मी जड पायांनी परत आले.

गुरुवारी अकरा वाजले. प्रार्थना झाली, हजेरी झाली. मालनच्या नावाला कोणीच 'हजर' म्हटलं नाही. साडेअकरा झाले. मी गणित शिकवत होते, म्हणजे पोरं मला शिकवत होती, कारण मी सातत्यानं वजाबाकीच्या जागी बेरीज करत होते. पावणेबाराला पायरीशी सावली पडली.

चांगुणाबाई दारात उभी होती. डोक्यावरून पदर, हातात पिशवी. मागं मालन, आणि तिच्याही मागं खांद्यावर घोंगडं टाकलेला एक पागोटेवाला, म्हणजे मामा. तो नाराज दिसत होता. बहीण त्याला भलत्याच वाटेनं घेऊन आली होती.

"या ना आत," मी धावत पुढं झाले.

तिनं पायरीवर पाय ठेवला आणि तो सर्रकन् पुढं सरकला. ती पडली नाही. वाकली, पायरीवरून तळवा फिरवला आणि मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"ही कवाधरनं अशी हाय?"

"मी लहान असल्यापासून," शेजारच्या वर्गातून बाहेर येत तुपे गुरुजी म्हणाले. "माझा गुडघा बघा."

"आन् लेकरं हिच्यावरनं रोज ये-जा करत्यात? टाकाया नगो का हिला?" ती जवळजवळ ओरडलीच. मग तिनं आत यायचा विचार सोडून दिला. तिथंच खाली बसली, पिशवीतून हातोडी आणि टाकी काढली आणि पायरीवर पहिला घाव घातला.

वर्ग कुठला जागेवर राहतोय! दोन्ही खोल्यांतली पोरं दाराशी गोळा झाली. ठक ठक, ठक ठक. काळ्या गुळगुळीत दगडावर पांढरट टोचे उमटत चालले, ओळीला ओळ लागून. तिनं मान वर केली नाही, कोणाला काही समजावलं नाही. मी मालनच्या हातात खडू दिला.

"त्या दिवशी मी तुला मध्येच बसवलं होतं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "चूक माझी होती. आता तू सांग. तुमच्या घरची टाकी."

तिनं माझ्याकडं बघितलं. अजून राग होता डोळ्यांत, आणि असायलाच हवा होता. मग ती फळ्याकडं गेली. एका बाजूला 'टाक' लिहिलं, दुसऱ्या बाजूला पुन्हा 'टाक' लिहिलं, आणि मधे वरपासून खालपर्यंत रेघ मारली.

"हे येगळं मानं," ती म्हणाली, "आन् हे येगळं मानं."

पोरांना एवढं पुरलं. रेघेच्या डाव्या बाजूला टाकाऊ आणि टाकून बोलणं गेलं. उजव्या बाजूला टाकी बसली, भावकीतली वडीलधारी म्हणून सगळ्यात वर. शोभानं भीत भीत विचारलं, "बाई, आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक हाय. त्यो कुठला?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "बघून सांगते."

पुढच्याच रविवारी मी तालुक्याच्या वाचनालयात जाऊन जाडजूड शब्दकोश उघडला. खंडोबाचा टाक, म्हणजे पत्र्यावर ठोके मारून घडवलेला देव, उजव्या बाजूचाच निघाला. सरकारची टाकसाळही तिथलीच. पोलीस पाटलांच्या घरचा देव मालनच्या भावकीत आहे हे कळल्यावर वर्गात जे काही झालं ते सांगायला नको. पण ते नंतर.

त्या दिवशी अर्ध्या तासानं हातोडी थांबली. चांगुणाबाईनं पदरानं दगडावरची धूळ झटकली आणि पोरांना म्हणाली, "आता या. पळत या."

पोरं पळत गेली, पळत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. एकही घसरलं नाही. तुपे गुरुजींनी चौकट न धरता एक पाय ठेवला, दुसरा ठेवला आणि "अरेच्चा!" म्हणाले.

मी सगळ्यांना आत बसवलं. फळ्यावर उजव्या बाजूला लिहिलं, टाकलेला, टाकलेली, टाकलेलं. या खेपेला मी वर्गाकडं तोंड करून उभी राहिले.

"वाक्यात उपयोग करा."

"आमच्या मावशीचा पाटा टाकलेला आहे." "टाकलेलं जातं बारीक दळतं." मग मधल्या रूपाची पाळी आली. एकही हात वर होईना. शोभा खाली मान घालून बसली होती. दारात चांगुणाबाई उभी होती, हातातली टाकी तशीच.

मालन उठली.

"आमच्या शाळेची पायरी टाकलेली आहे," ती म्हणाली. "म्हणून तिच्यावरून कुणी पडत नाही."

मी वळून ते अख्खं वाक्य फळ्यावर लिहून काढलं. शाब्बासकीला झालेला उशीर चांगुणाबाईला खटकला असावा.

"बरुबर हाय का वं, बाई?" तिनं दारातून विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "अगदी बरोबर आहे. शाब्बास!"

तिनं मान हलवली, टाकी पिशवीत टाकली आणि भावाकडं वळली. "दादा, तू हो फुडं. बाजार उरकून घे. पोरगी साळंत हाय."

मालन चौथी पास झाली, मग सातवी, मग तालुक्याला गेली. आज ती कराडच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे आणि चांगुणाबाई तिच्यापाशीच राहते. मी बदल्या होत होत पुण्याला आले, निवृत्त झाले. परवा माळखडीच्या शाळेचा कार्यक्रम होता म्हणून गेले. शाळेला स्लॅबचं छप्पर आलंय, फरशी बसलीय, मुलांना बेंच आहेत. पायरी मात्र तीच. आता माझाही गुडघा तुपे गुरुजींच्या वाटेनं गेलाय, म्हणून मी पायरीपाशी घुटमळले, आधाराला काही मिळतं का बघत.

दुसरीतिसरीतली एक मुलगी पळत आली आणि तिनं माझा हात धरला.

"बिनधास्त या आजी," ती म्हणाली. "पायरी टाकलेली आहे."

मी तिला विचारलं, टाकलेली म्हणजे काय ग? तिनं माझ्याकडं बघितलं, एवढंही येत नाही का अशा नजरेनं, आणि म्हणाली, "म्हंजी पाय घट्ट बसतो."